‘द सी अराउंड अस’ : विज्ञान, रूपक आणि कालबाह्यता

प्रस्तावना :
विज्ञानविषयक ग्रंथातील माहिती कालांतराने मागे पडते. मग अशा ग्रंथाचे वाङ्मयीन मूल्य कशाच्या आधारे ठरवावे, हा प्रश्न समीक्षेपुढे उभा राहतो. रेचल कार्सन यांच्या ‘द सी अराउंड अस’ (१९५१) या ग्रंथाचा प्रस्तुत लेखात या दृष्टीने परामर्श घेतला आहे.

रूपकाचे सामर्थ्य :
कार्सन या व्यवसायाने सागरी जीवशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सागरविज्ञानात पडलेली भर त्यांनी सामान्य वाचकांपर्यंत पोहोचविली. १९५२ मध्ये या ग्रंथास नॅशनल बुक अवॉर्ड लाभले. ‘द लाँग स्नोफॉल’ या प्रकरणात सागरतळावर साचणारा गाळ त्यांनी दीर्घ हिमवर्षावाच्या रूपात पाहिला आहे. हे रूपक केवळ अलंकरण नव्हे. सूक्ष्मजीवांची कवचे, ज्वालामुखीची राख, नद्यांची माती यांच्या पतनातील मंदगती, सातत्य आणि थरांची रचना ही तिन्ही वैशिष्ट्ये ते एकाच वेळी स्पष्ट करते. स्वीडिश ‘अल्बाट्रॉस’ मोहिमेने (१९४७-४८) केलेल्या गाळाच्या मोजमापांनाही त्यातूनच अर्थ प्राप्त होतो.

रूपकाची मर्यादा :
तथापि, याच रूपकातून एक गृहीतक निर्माण होते. हिमवर्षाव अखंड असेल, तर तळाशी पृथ्वीचा सारा भूतकाळ सुरक्षित असला पाहिजे. १९६८ पासून ‘ग्लोमर चॅलेंजर’ जहाजाने केलेल्या उत्खननाने आणि भूपट्ट सिद्धांताने हे गृहीतक टिकू दिले नाही. सागरी कवच सतत नव्याने घडते व पुन्हा भूगर्भात जाते. त्यामुळे आजच्या महासागरांचा तळ बहुतांशी वीस कोटी वर्षांहून तरुण आहे. प्रक्रिया उलगडणारे रूपक निष्कर्षाच्या ठिकाणी मात्र दिशाभूल करते. यास केवळ तत्कालीन ज्ञानाची उणीव म्हणणे अपुरे ठरेल. सुंदर रूपक शंकेला जागा ठेवत नाही, हेही त्याचे कारण आहे.

समारोप :
याउलट, १९६१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत कार्सन स्वतःच शंका उपस्थित करतात. समुद्र मानवी हस्तक्षेपापलीकडे सुरक्षित आहे ही समजूत भाबडी होती, असे त्या सांगतात व किरणोत्सर्गी कचरा समुद्रात टाकण्याविरुद्ध इशारा देतात. पुढील वर्षीच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ची दिशा येथे सूचित होते. सारांश, विज्ञानपर गद्याची कसोटी माहितीच्या चिरंतनत्वात नसून, नवे ज्ञान येताच आपली प्रतिमासृष्टी तपासण्याच्या तयारीत आहे. या कसोटीवर हा ग्रंथ अंशतः उणा पडतो. तरीही त्याचे वाङ्मयीन महत्त्व अबाधित राहते.