खेळाची वेस आणि त्रयस्थाचे दार : ऑनलाइन बहुखेळाडू खेळांतील संदेशसेवा व जाहिरात यांची चिकित्सा

बीजसंज्ञा : ऑनलाइन बहुखेळाडू खेळ, तत्काळ संदेशसेवा, खेळांतर्गत जाहिरात, त्रयस्थ सेवा, खेळाडूची ओळख

प्रस्तावना

ऑनलाइन बहुखेळाडू खेळ हा एकाच वेळी खेळ, कथा आणि वस्ती असतो. १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ हा केवळ शब्दांवर चालणारा खेळ आकारास आणला. तेव्हापासून खेळाडूंचे परस्परांशी बोलणे हा या प्रकाराचा प्राण राहिला आहे. प्रारंभी हे बोलणे खेळाच्याच यंत्रणेतून होत असे आणि बोलणाऱ्याचे नावही खेळातलेच असे. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून मात्र खेळाच्या निर्मात्याखेरीज अन्य कंपन्यांनी या वस्तीत दोन मार्गांनी प्रवेश केला. पहिला मार्ग मेसेंजर या नावाने परिचित असलेल्या तत्काळ संदेशसेवेचा, तर दुसरा जाहिरातीचा.

या दोहोंचा विचार बहुधा स्वतंत्रपणे केला जातो. संदेशसेवा ही तांत्रिक सोय मानली जाते आणि जाहिरात ही आर्थिक गरज. संदेशसेवेबद्दल तक्रार झालीच तर ती गोंगाटाची असते. जाहिरातीबद्दल असते ती रसभंगाची. प्रस्तुत लेखाची भूमिका अशी की, हे दोन्ही एकाच प्रश्नाचे भाग आहेत. बाहेरचे काय आत आले यापेक्षा ते ज्या दारातून आले त्या दाराची कडी कोणाच्या हाती आहे, हा तो प्रश्न होय. खेळाडूला ते दार लावून घेता येते की नाही, यावरच अशा जोडणीचे मूल्यमापन व्हावयास हवे.

वर्तुळाची कल्पना आणि तिच्या मर्यादा

डच इतिहासकार योहान हाइझिंगा यांनी १९३८ मध्ये ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळ हा दैनंदिन व्यवहारापासून वेगळ्या काढलेल्या स्थळकाळात घडतो, असे प्रतिपादन केले. केटी सेलन आणि एरिक झिमरमन यांनी पुढे यातूनच ‘जादुई वर्तुळ’ ही संज्ञा संगणकीय खेळांच्या अभ्यासात रूढ केली. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांनी २००५ मध्ये या सीमेला सच्छिद्र पडद्याची उपमा दिली. टी. एल. टेलर यांनी २००६ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’च्या खेळाडूंचा अभ्यास मांडताना आणखी पुढचे पाऊल टाकले. खेळाडू आपले मित्र, कुटुंबीय आणि बाहेरची साधने खेळात आणतच असतात. त्यामुळे आत आणि बाहेर अशी काटेकोर विभागणी टिकत नाही, असे त्यांच्या विवेचनातून दिसते.

वर्तुळाची शुद्धता प्रमाण मानली तर प्रत्येक मेसेंजर आणि प्रत्येक जाहिरातफलक हा अतिक्रमण ठरतो. मग पती-पत्नी एकाच खोलीत बसून खेळताना स्वयंपाकाविषयी बोलले तरी तो दोषच म्हणावा लागेल. याउलट, सीमा मुळातच सच्छिद्र आहे एवढेच म्हणून थांबल्यास कोणत्याही प्रवेशाला हरकत घेण्याचा आधार उरत नाही. खेळाडूने स्वतः पाडलेले छिद्र आणि इतरांनी त्याच्यासाठी पाडून ठेवलेले छिद्र यांत भेद करण्याची गरज आहे. पुढील उदाहरणांची तपासणी याच भेदाच्या आधारे केली आहे.

जाहिरात : सुसंगतीचा निकष अपुरा

खेळांतर्गत जाहिरातीचे समर्थन करताना ‘सुसंगती’चा निकष पुढे केला जातो. शहराच्या दृश्यात फलक असतातच, तेव्हा खऱ्या कंपन्यांचे फलक लावल्याने दृश्य अधिक वास्तव होते, असा हा युक्तिवाद. नॉर्वेच्या फनकॉम कंपनीचा ‘अनार्की ऑनलाइन’ हा खेळ या युक्तिवादाला सर्वांत अनुकूल म्हणावा लागेल. २००१ मध्ये सुरू झालेल्या या खेळाची कथा दूरच्या भविष्यकाळात घडते. ऑम्नी-टेक या महाकाय कंपनीची एका ग्रहावरील सत्ता आणि तिच्याविरुद्धचा संघर्ष हा तिचा विषय. डिसेंबर २००४ मध्ये फनकॉमने हा खेळ विनामूल्य खुला केला आणि त्यातील फलकांवर मॅसिव्ह इन्कॉर्पोरेटेड या कंपनीच्या जाळ्यातून खऱ्या जाहिराती दाखविण्यास प्रारंभ केला. कंपनीसत्तेच्या कथेत कंपन्यांच्या जाहिराती कथेशी विसंगत नव्हत्याच.

याच्या अगदी उलट उदाहरण ‘एव्हरक्वेस्ट २’चे. राक्षस, जादूगार आणि तलवारी यांच्या त्या जगात सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंटने फेब्रुवारी २००५ मध्ये एक नवी आज्ञा समाविष्ट केली. अमेरिकेतील खेळाडूने खेळताना ‘पिझ्झा’ ही आज्ञा टंकित केली की पिझ्झा हटचे मागणीपृष्ठ उघडत असे. सुसंगतीच्या कसोटीवर हा प्रकार हास्यास्पद ठरतो आणि त्या काळी त्याची थट्टाही पुष्कळ झाली. परंतु येथे दार उघडणारा खेळाडू स्वतः होता. ज्याला भूक नाही त्याच्या तलवारबाजीत पिझ्झाचा अडथळा येत नव्हता.

तिसरे उदाहरण इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या ‘बॅटलफील्ड २१४२’ या २००६ मधील युद्धखेळाचे. त्यात आयजीए वर्ल्डवाइड या कंपनीमार्फत जाहिराती येत. खेळाच्या खोक्यात एक पत्रक घातलेले होते. खेळ सुरू असताना संगणकाचा आयपी पत्ता आणि जाहिरात पाहण्यासंबंधीची माहिती गोळा केली जाईल, असे त्यात नमूद होते. खेळाडूंचा संताप उसळला तो मुख्यतः या पत्रकामुळे. एकविसाव्या शतकातील उत्पादने बाविसाव्या शतकातील रणभूमीवर दिसणे हा त्यातला लहान भाग होता. पूर्ण किंमत मोजून विकत घेतलेल्या वस्तूत, ती घरी आणून उघडल्यानंतर, तिसऱ्याच कोणाशी झालेला करार आढळावा, ही खरी तक्रार होती.

ही तीन उदाहरणे शेजारी ठेवली असता सुसंगतीचा निकष किती अपुरा आहे हे दिसते. दृश्यात सर्वांत विजोड असलेली पिझ्झाची आज्ञा सर्वांत निरुपद्रवी ठरते. ‘अनार्की ऑनलाइन’मध्ये वर्गणी भरणाऱ्यास जाहिरात टाळता येत होती, म्हणजे पैसे द्यावेत की लक्ष द्यावे, ही निवड तरी उपलब्ध होती. ‘बॅटलफील्ड २१४२’मध्ये पैसेही द्यावयाचे होते आणि लक्षही. रसभंगाची चर्चा या भेदापर्यंत पोहोचतच नाही.

जाहिरातीच्या या व्यवसायाचे आयुष्यही ध्यानात घेण्याजोगे आहे. मॅसिव्ह ही कंपनी मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये विकत घेतली आणि २०१० मध्ये बंद केली. दरम्यान ऑक्टोबर २००८ मध्ये बराक ओबामा यांच्या निवडणूक प्रचाराच्या जाहिराती १८ खेळांतून अमेरिकेच्या १० राज्यांतील खेळाडूंपर्यंत पोहोचल्या होत्या. ‘बर्नआउट पॅराडाइज’ या मोटारशर्यतीच्या खेळातील फलक त्यांपैकीच. फलक एकच, पण त्यावर काय दिसावे हे खेळाडूच्या राहत्या राज्यावरून ठरते, याचा अर्थ फलकही खेळाडूकडे पाहत असतो.

संदेशसेवा : सोयीमागील ओळखपत्र

संदेशसेवेचा प्रवेश अधिक सौम्य वाटतो, कारण तेथे मित्र भेटतात. २००१ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या ‘मॅजेस्टिक’ या खेळाने एओएल कंपनीचा मेसेंजर, दूरध्वनी, फॅक्स आणि ई-मेल यांनाच कथेचे माध्यम बनविले. पुढील वर्षीच तो बंद पडला. त्यानंतर आलेल्या ‘एक्सफायर’ने वेगळा मार्ग पत्करला. खेळाच्या पडद्यावर स्वतःचा एक थर अंथरून, खेळ न सोडता मित्रांशी बोलण्याची आणि ते कोणता खेळ खेळत आहेत हे पाहण्याची सोय त्याने दिली. ही सेवा विनामूल्य होती आणि जाहिरातींवर चालत होती. २००६ मध्ये व्हायकॉमने ती १० कोटी २० लाख डॉलरला विकत घेतली; २०१५ मध्ये ती बंद झाली. कोण, केव्हा, कोणता खेळ, कोणाबरोबर खेळतो ही माहिती मित्राला उपयोगी असते, तशीच ती जाहिरातदारालाही उपयोगी असते. मैत्रीची यादी आणि ग्राहकांची यादी या एकाच वहीत लिहिल्या जाऊ लागल्या.

२०१० मधील ‘रिअल आयडी’चा प्रसंग या संदर्भात बोलका आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या ब्लिझार्ड कंपनीने आपल्या विविध खेळांतील मित्रांशी बोलण्याची नवी सोय दिली, मात्र तीत खेळाडूचे खरे नाव मित्रांना आणि मित्रांच्या मित्रांनाही दिसत असे. फेसबुकवरील परिचितांना शोधण्याची व्यवस्थाही तिला जोडण्यात आली. त्यापाठोपाठ ६ जुलै २०१० रोजी कंपनीच्या चर्चापीठावर लिहिणाऱ्यांचे खरे नाव दर्शविण्याची घोषणा झाली. तीव्र विरोधामुळे अवघ्या तीन दिवसांत, ९ जुलै रोजी, ती मागे घ्यावी लागली. विरोध करणाऱ्यांत स्त्री-खेळाडूंचे म्हणणे विशेष महत्त्वाचे होते. खेळातील टोपणनाव हा त्यांच्यासाठी गमतीचा भाग नसून संरक्षण होते. घेतलेले सोंग आपण होऊन उतरविणे आणि भर सभेत कोणी ते ओढून काढणे यांतील अंतर त्या तीन दिवसांत स्पष्ट झाले.

त्रयस्थ सेवेवर विसंबण्याचा आणखी एक परिणाम संभवतो, तो विस्मृतीचा. एओएलचा मेसेंजर डिसेंबर २०१७ मध्ये, याहूचा जुलै २०१८ मध्ये आणि आयसीक्यू जून २०२४ मध्ये बंद झाला. खेळ चालू असतानाही त्याच्या वस्तीचे बोलणे असे बाहेरच्या कोणाच्या ताळेबंदावर अवलंबून राहते. याला पर्याय नाही असेही नाही. ‘लीग ऑफ लीजंड्स’च्या निर्मात्यांनी एक्सएमपीपी या खुल्या संकेतप्रणालीच्या आधारे स्वतःची संभाषणव्यवस्था उभारली होती. अशा व्यवस्थेत संभाषण खेळाच्याच घरात राहते.

दोन मार्गांचा संगम

आजच्या काळात हे दोन्ही मार्ग एकत्र आले आहेत. मे २०१५ मध्ये सुरू झालेल्या डिस्कॉर्डने खेळाडूंच्या संभाषणात प्रमुख स्थान मिळविले. २०२४ मध्ये या सेवेने प्रायोजित ‘क्वेस्ट’ आणले. एखादा खेळ खेळत असल्याचे मित्रांना प्रक्षेपित करून दाखविल्यास खेळाडूस त्या खेळातील बक्षीस मिळते. येथे फलकाची आवश्यकताच उरली नाही, खेळाडूच आपल्या मित्रांपुढे फलक होऊन उभा राहतो. मार्च २०२५ मध्ये डिस्कॉर्डने खेळाच्या निर्मात्यांना आपली संभाषणयंत्रणा थेट खेळात बसविता येईल अशी साधने उपलब्ध करून दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, डिस्कॉर्डच्या ग्राहकसेवेचे काम पाहणाऱ्या एका बाहेरच्या कंपनीतून सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या शासकीय ओळखपत्रांची छायाचित्रे फुटली असण्याची शक्यता जाहीर झाली. खेळातला त्रयस्थ, आणि त्याचा पुन्हा एक त्रयस्थ, अशी ही साखळी आहे. तिच्या दुसऱ्या टोकाचे नावही खेळाडूला ठाऊक नसते.

कडी कोणाच्या हाती, हा प्रश्न मुलांच्या बाबतीत अधिक गंभीर होतो. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘फोर्टनाइट’च्या एपिक गेम्सविरुद्धच्या प्रकरणात मुलांच्या खासगीपणाच्या कायद्याखाली २७ कोटी ५० लाख डॉलरचा दंड निश्चित केला. अनोळखी व्यक्तींशी बोलण्याची सोय मुलांसाठीही आरंभापासूनच चालू ठेवलेली होती, हा आरोपांपैकी एक महत्त्वाचा आरोप होता. ही संभाषणव्यवस्था खेळाचाच भाग होती, तिचे तत्त्व मात्र येथे तंतोतंत लागू पडते : दार उघडे ठेवून कडी कोठे आहे हे न सांगणे, यालाच निवड म्हणता येणार नाही.

आक्षेपांचा परामर्श

या भूमिकेवर एक रास्त आक्षेप संभवतो. सर्व्हर चालविण्यास खर्च येतो, जाहिरातीमुळे वर्गणी न परवडणाऱ्यांनाही खेळ खुला होतो आणि सामायिक मेसेंजरमुळे विखुरलेले मित्र टिकून राहतात. हे लाभ नाकारण्याचे कारण नाही. मुंबईपुण्यातील विद्यार्थ्यास विनामूल्य खेळता येते त्यामागेही बहुधा असाच कोणता तरी व्यवहार असतो. तथापि किंमत न सांगता केलेली विक्री ही सवलत ठरत नाही. ‘अनार्की ऑनलाइन’ने व्यवहार उघडपणे मांडला होता, हे येथे पुन्हा नोंदविले पाहिजे.

भारतीय कायद्याने या प्रश्नाची अंशतः दखल घेतली आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि बालकांच्या वर्तनावर पाळत ठेवणे व त्यांना लक्ष्य करून जाहिरात करणे यांस मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. मात्र मित्रामार्फत मित्रापर्यंत पोहोचणारी प्रायोजित शिफारस ‘जाहिरात’ या शब्दात कितपत बसते, हा प्रश्न शिल्लक राहतो.

निष्कर्ष

मराठी नाट्यगृहांत प्रयोगापूर्वी भ्रमणध्वनी बंद ठेवण्याची सूचना दिली जाते. ती पाळणे प्रेक्षकाच्या हाती असते. ऑनलाइन खेळात नट आणि प्रेक्षक एकच असतो, आणि त्याचा दूरध्वनी मंचालाच जोडलेला असतो. अशा स्थितीत संदेशसेवा व जाहिरात यांच्या जोडणीची पारख तीन प्रश्नांनी व्हावी. ती खेळाडूच्या कृतीने सुरू होते काय? ती नाकारूनही खेळ पूर्णपणे खेळता येतो काय? आणि खेळातले नाव खऱ्या नावाशी जोडण्याचा अधिकार केवळ खेळाडूकडे राहतो काय? या तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर तलवारीच्या जगातला पिझ्झाही चालू शकेल. एकाचेही उत्तर नकारार्थी असेल तर, फलक दृश्यात कितीही शोभून दिसत असला तरी, त्या वस्तीत खेळाडू हा रहिवासी न राहता माल ठरतो. खेळांच्या समीक्षेने रसभंगाच्या तक्रारीपुढे जाऊन हे प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.