खुर्चीत बसून ऐकायचा रॉक : निअरफेस्टविषयी

रॉक महोत्सव म्हटला की डोळ्यांपुढे काय येतं? चिखल, तंबू, लाखभर पोरं. आज ज्या महोत्सवाबद्दल बोलायचंय तिथे यातलं काहीच नव्हतं. तिथे नंबर घातलेल्या खुर्च्या होत्या! (हशा) अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात बेथलेहेम नावाचं पोलादाचं गाव आहे. १९९५मध्ये तिथलं पोलाद ओतणं थांबलं. त्याच गावातल्या एका सभागृहात १९९९च्या जूनमध्ये निअरफेस्ट सुरू झाला. शनिवार-रविवार, दिवसाला चार-पाच बँड, आणि सगळे प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवणारे.

आता हे ऐकणं किती कष्टाचं आहे बघा. या संगीतात एकेक रचना वीस मिनिटांची असते. येसची ‘क्लोज टू द एज’ ही १९७२ची रचना रेकॉर्डची अख्खी एक बाजू खाते. त्यात सात मात्रांचे, पाच मात्रांचे ठेके, मध्येच बदलणारा वेग. रूपक ऐकत वाढलेल्या माणसाला सात मात्रांचं अप्रूप नाही, ते सोडा. पण सकाळपासून तिसरा बँड वाजायला लागला की कानाचं एक गंमतीदार होतं. विषम मात्रा हाच नेम होऊन बसतो, आणि कुणी साधा चार मात्रांचा ठेका धरला की तोच धक्का वाटतो. अवघडपणा हेच ज्या संगीताचं भांडवल, त्याला दोन दिवसांचा महोत्सव थोडा मारकच ठरतो, असं माझं मत आहे. एकट्याने ऐकताना जी रचना डोंगरासारखी वाटते, ती तिथे डोंगररांगेतला एक उंचवटा होते.

तरी लोक का जात होते? सुरुवातीच्या काही वर्षांत तर तिकिटं बघता बघता संपायची. २००२ आणि २००३ला महोत्सव ट्रेंटनच्या मोठ्या थिएटरात न्यावा लागला. याचं उत्तर एका बँडमध्ये सापडतं. एंग्लागॉर्ड हा स्वीडनचा बँड. १९९२मध्ये ‘हीब्रिस’ हा त्यांचा पहिला अल्बम आला, १९९४मध्ये दुसरा, आणि लगेच बँड मोडला. संपलं. पुढे रेकॉर्ड हातोहात फिरत राहिली, आणि २००३मध्ये हीच मंडळी निअरफेस्टच्या मंचावर पुन्हा एकत्र उभी राहिली.

त्यांच्या आवाजात मेलोट्रॉन फार महत्त्वाचा. म्हणजे काय, तर पट्टी दाबली की आतली टेप ओढली जाते आणि व्हायोलिनचा किंवा बासरीचा ध्वनिमुद्रित सूर वाजतो. टेप साधारण आठ सेकंदांची. संपली की सूर संपला! पट्टी सोडायची, टेप मागे जाऊ द्यायची, पुन्हा दाबायची. हे यंत्र बिघडण्याबद्दल प्रसिद्ध आहे. रेकॉर्डवर तो आवाज धुक्यासारखा येतो. समोर वाजताना मात्र त्या धुक्यामागे माणसाचं बोट दिसतं, सूर संपायच्या आत पट्टी सोडणारं. हे बघायला माणूस हजार मैल जाईल, हे मला पटतं.

पण इथेच माझी तक्रार आहे. तुमच्यातले सवाईला जाणारे म्हणतील, आम्हीही दिवस दिवस बसतोच की. बसता, पण कालचा मारवा आज जसाच्या तसा यावा म्हणून नाही बसत. निअरफेस्टचा श्रोता बऱ्याचदा त्यासाठीच बसायचा. सत्तरच्या दशकातलं सोलो स्वरन् स्वर तसंच आलं की टाळ्या. हॅपी द मॅनसारखा मोडलेला बँड २०००मध्ये पुन्हा जुळला, इटलीचे बांको २००१मध्ये येऊन गेले. हे मोठं काम होतं, नाकारत नाही. पण ‘पुढे जाणारं’ असं नाव लावणारं संगीत मागे बघायला शिकवायला लागलं तर नव्या बँडने करायचं काय? तो दुपारी वाजवणार, आणि तेव्हा अर्धे श्रोते बाहेर सीडींच्या टेबलांवर चाळाचाळ करत असणार.

शिवाय पुन्हा जुळवता येतील असे बँड किती असतात? साठा संपतो, श्रोते म्हातारे होतात. २०११चा महोत्सव तिकिटं पुरेशी खपली नाहीत म्हणून रद्द झाला. २०१२ला शेवटचा झाला, आणि नाव काय ठेवलं? निअरफेस्ट अपोकॅलिप्स, म्हणजे प्रलय! (हशा) विनोदबुद्धी शाबूत होती म्हणायची.

त्या प्रलयाला एंग्लागॉर्ड पुन्हा आले होते. गंमत म्हणजे या खेपेला त्यांच्याजवळ जुनं तेवढंच नव्हतं. अठरा वर्षांनी त्यांनी नवा अल्बम केला होता, ‘विल्यान्स ओगा’. चारच रचना, सगळ्या लांबलचक, आणि एकाही रचनेत गाणारा आवाज नाही.