स्नो फॉलिंग ऑन सीडार्स : वेदना व पूर्वग्रह यांची प्रतीके

अमेरिकन कादंबरीकार डेव्हिड गटर्सन (१९५६– ) ह्याची पहिली कादंबरी (१९९४). वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्याजवळील सॅन पिएद्रो ह्या कल्पित बेटावरील मच्छीमारांच्या वस्तीत ती घडते. १९५४ च्या सप्टेंबरात कार्ल हाइन हा मच्छीमार आपल्याच जाळ्यात मृतावस्थेत सापडतो. खुनाचा आरोप काबुओ मियामोतो ह्या जपानी वंशाच्या मच्छीमारावर येतो व डिसेंबरच्या हिमवादळात खटला चालतो.

ह्या आरोपाचे मूळ युद्धकाळात आहे. फेब्रुवारी १९४२ च्या अध्यक्षीय आदेशानंतर जपानी वंशाच्या सु. १,२०,००० लोकांना अमेरिकेत स्थानबद्ध करण्यात आले. त्यांतील बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. कादंबरीतील जपानी कुटुंबे मांझानारच्या छावणीत जातात, मियामोतो कुटुंबाने घेतलेल्या सात एकर स्ट्रॉबेरीच्या जमिनीचे अखेरचे हप्ते चुकतात आणि कार्लची आई ती जमीन दुसऱ्यास विकते. (त्याच सुमारास कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सु. ५,००० पोलिश निर्वासित बराकींत राहत होते. पण त्या बराकी आसऱ्याच्या होत्या, मांझानारच्या पहाऱ्यातल्या. छावणीची प्रकरणे वाचताना हा भेद ध्यानात घ्यावा.)

गटर्सनची खरी ताकद धंद्यातील साध्या वस्तूंना प्रतीकार्थ देण्यात आहे. मासा नावेत ओढून घेण्याचा आकडीचा दांडा प्रत्येक मच्छीमाराजवळ असतो. काबुओजवळचा दांडा मात्र रक्ताच्या डागामुळे हत्यार ठरतो. प्रेताच्या डोक्यावरील जखम पाहून तपासनिसाला रणांगणावरील जपानी सैनिकांच्या बंदुकीचे दस्ते आठवतात. म्हणजे पुरावा हाती येण्यापूर्वीच त्याचा अर्थ ठरलेला असतो. काबुओचा निर्विकार चेहराही असाच वाचला जातो. अमेरिकन सैन्यात लढताना जर्मनांना ठार केल्याची टोचणी त्याच्या मनात आहे. ज्यूरीला तेथे केवळ निगरगट्टपणा दिसतो. याउलट, बॅटऱ्या निकामी झाल्यावर कार्लने डोलकाठीला बांधलेला कंदील हे अपघाताचे साधे स्पष्टीकरण असूनही तिकडे कोणाचे लक्ष जात नाही.

हिम व देवदार ही शीर्षकातील प्रतीके तितकी समर्थ वाटत नाहीत. हिम सर्व काही झाकते, हे लेखक वारंवार सुचवितो व पुनरुक्तीने त्याचा परिणाम ओसरतो. देवदाराच्या ढोलीतील इश्माएल व हात्सुए ह्यांच्या किशोरवयीन भेटी हळुवार आहेत. पण हात्सुए पुष्कळदा इश्माएलच्या आसक्तीतूनच दिसते. तारावाच्या लढाईत हात गमावलेला हा पत्रकार दीपगृहातील नोंद, म्हणजेच मोठ्या जहाजाच्या लाटेने कार्ल पडला असावा हे दर्शविणारा पुरावा, काही काळ दडवून ठेवतो. काबुओची सुटका अशा रीतीने एका गोऱ्या माणसाच्या मनःशुद्धीवर अवलंबून राहते. येथे जपानी कुटुंबाची वेदना दुय्यम होते, हा ह्या कादंबरीतील गंभीर दोष होय.

कादंबरीस १९९५ चा पेन/फॉक्नर पुरस्कार मिळाला. स्कॉट हिक्सने तिच्यावर चित्रपट काढला (१९९९).