चार दिवस किती पानांत मावतात?

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीनं तिच्या पीएच.डी.चा सिनॉप्सिस वाचायला पाठवला. विषय झकास होता: जुन्या युद्ध-कॉमिक्सचं आजच्या ग्राफिक कादंबरीत होणारं पुनरुज्जीवन. पण पहिल्याच संशोधन-प्रश्नाशी मी अडले. 'नव्या आवृत्तीत चित्रांचा आणि छपाईचा दर्जा सुधारला आहे का?' याचं उत्तर 'हो' आहे आणि ते द्यायला तीन वर्षं लागत नाहीत.

मी साहित्याची विद्यार्थिनी नाही. मायक्रोस्कोपखाली काढलेल्या फोटोंवर संगणकानं प्रक्रिया कशी करायची, हे माझं काम. पहिल्या वर्षी मी एका फोटोचा कॉन्ट्रास्ट असा काही वाढवला की पेशींच्या कडा सुरेख उठून दिसायला लागल्या. गाईडनी एवढंच विचारलं, "आत फिकट काहीतरी होतं, ते कुठं गेलं?" ते गेलं होतं आणि मला पत्ताही नव्हता. त्यामुळे जुनं कॉमिक नव्या रूपात आलं की मी आधी फिकट काय होतं ते शोधते.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. 1967 साली मुंबईत अनंत पै यांनी 'अमर चित्र कथा' सुरू केली. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शिवाजी महाराज आणि झाशीची राणी पहिल्यांदा तिथंच पाहिली. बत्तीस पानी अंकात जन्मापासून मृत्यूपर्यंत एक माणूस बसवायचा, म्हणजे लढाईच्या वाट्याला येऊन येऊन किती पानं येणार? 2015 मध्ये याच मालिकेनं 'परमवीर चक्र' हे जाडजूड पुस्तक काढलं. तेव्हापर्यंतच्या सगळ्या, म्हणजे 21 परमवीरांच्या कथा एकत्र. लेखन मेजर जनरल इयान कार्डोझो यांचं. 1971 च्या युद्धात सुरुंगावर पाय पडला आणि चिंधड्या झालेला तो पाय त्यांनी स्वतःच्याच खुकरीनं कापला, ते हे अधिकारी. सुरुंग म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायची गरज नाही. म्हणूनच या पुस्तकात मला सगळ्यात जास्त उत्सुकता सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांच्या कथेची होती.

राणे कारवारजवळच्या चेंडियाचे. आपल्या खडकीचं केंद्र असलेल्या बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी. 1994 मध्ये ते पुण्यातच वारले. त्यांचं शौर्य शत्रूवर तुटून पडण्याचं नाही. एप्रिल 1948 मध्ये नौशेऱ्याहून राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांना त्यांनी वाट करून दिली. सुरुंग काढले, आडवे टाकलेले चीडवृक्ष उडवले, मोरी फोडलेली होती तिथं बाजूनं रस्ता काढला.

त्यांच्या परमवीर चक्राचं प्रशस्तिपत्र एकदा जरूर वाचा. ते शौर्यगाथेसारखं कमी आणि लॅबच्या नोंदवहीसारखं जास्त आहे. 8 एप्रिलला सकाळी अकराच्या सुमारास तोफगोळ्यांच्या माऱ्यात तुकडीतले दोन जण ठार, राणे धरून पाच जखमी. तरी काम सुरू, रात्री दहापर्यंत. 9 तारखेला सकाळी सहा ते दुपारी तीन, नुसता एक वळणरस्ता तयार करणं. मग अर्ध्या मैलावर झाडांचा अडथळा, पुढं तीनशे यार्डांवर दुसरा. सव्वासहाला उजेड जात असताना पाच मोठी झाडं, भोवती सुरुंग आणि वर मशीनगनचा मारा. तिथं त्या दिवसापुरतं थांबावं लागलं. 10 तारखेला पहाटे पावणेपाचला पुन्हा तिथंच. साडेसहाला ते मोकळं झालं. दुपारी दोनला रणगाडे चिंगसला पोचले, तरी मागून येणाऱ्या गाड्यांसाठी राणे रस्ता साफच करत राहिले. 11 तारखेला परत सकाळी सहा ते रात्री दहा.

मांजरीत मी भाड्यानं राहते तिथं खाली एक निवृत्त फौजी काका आहेत. त्यांना हे सगळं वाचून दाखवलं. ते वेळा बोटांवर मोजत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आणि जेवला कधी रे तो माणूस?" मी हसले. मग परत पाहिलं तर नोंद होती: 10 तारखेला रात्री नऊपर्यंत विश्रांती नाही, अन्न नाही. मी तीन वेळा वाचून ती ओळ ओलांडली होती.

मुद्दा इथं येतो. 21 कथांच्या पुस्तकात प्रत्येकाला मोजकीच पानं मिळणार. त्यात हल्ला मावतो, कंटाळा मावत नाही. राणेंच्या कथेत शौर्य नेमकं कंटाळवाण्या भागात आहे: तेच काम, तोच अडथळा, पुन्हा पहाट. शिवाय 21 पैकी 14 परमवीर चक्रं मरणोत्तर आहेत, त्यामुळे या साच्याला शेवटच्या पानावर बलिदान लागतं. राणे तर जगले आणि मेजर म्हणून निवृत्त झाले. साच्याच्या दृष्टीनं ही अडचणच! पुस्तक वाईट आहे असं मी म्हणत नाही, दहा वर्षांच्या मुलाच्या हातात मी ते आनंदानं देईन. पण याच कथेची ग्राफिक कादंबरी करायची तर कागद आणि रंग हे शेवटचे प्रश्न. पहिला प्रश्न, एका झाडाला किती पानं द्यायची.

हे होऊ शकतं याचा पुरावा ब्रिटनमध्ये आहे. 1979 मध्ये 'बॅटल' या साप्ताहिकात पॅट मिल्स आणि चित्रकार जो कोल्हून यांनी 'चार्लीज वॉर' सुरू केलं. वय चोरून पहिल्या महायुद्धात भरती झालेला सोळा वर्षांचा पोरगा, घरी लिहिलेली त्याची अशुद्ध स्पेलिंगची पत्रं आणि बहुतेक काळी-पांढरी पानं. आठवड्याला जेमतेम तीन-चार पानं मिळायची, पण वर्षानुवर्षं. त्यामुळे खंदकातला चिखल, उवा, वाट बघणं, सगळ्याला जागा मिळाली. आता ती पानं पुस्तकरूपात वाचताना मागचा भाग आठवून देणाऱ्या चौकटी मध्येमध्ये टोचतात. त्या ठेवायच्या की काढायच्या? माझं मत, ठेवा. मूळ वाचकाला आठवडाभर थांबावं लागायचं, त्याची ती खूण आहे. आणि संशोधन करणाऱ्यांनी हेही ऐकून ठेवा: संदर्भ जमवण्याच्या खर्चावरून मतभेद झाल्यामुळे मिल्स यांनी हे कॉमिक सोडलं. फेलोशिप अडकलेल्यांना त्यांच्याबद्दल आपुलकी वाटेल.

आता राणेंच्या कथेतला खरा पेच. लोकप्रिय वर्णनांत एक दृश्य हमखास येतं. राणे रणगाड्याखाली सरपटत पुढं जातायत, हातात दोर, आणि दोर ओढून चालकाला थांब-चल सांगतायत. चित्रकाराला असं दृश्य म्हणजे लॉटरीच. पण प्रशस्तिपत्रात हा दोर नाही. म्हणून ते घडलंच नाही असा निष्कर्ष काढू नका, ही आपली नेहमीची चूक. नोंद नसणं म्हणजे घटना नसणं नव्हे. मात्र मिनिटांच्या हिशेबानं लिहिलेला कागद आणि पुढे सांगितली गेलेली आठवण हे दोन वेगळ्या जातीचे पुरावे आहेत. साध्या कॉमिकमध्ये दोन्ही एकाच शाईनं, एकाच ठामपणे येतात. ग्राफिक कादंबरीला रेषा बदलता येते. वेळांची पानं नकाशासारखी कोरडी ठेवा आणि दोराचं पान कुणाच्या तरी तोंडून सांगितलेलं, पेन्सिलीत. वाचक पोरगा असला तरी फरक ओळखतो.

आणि ते दोघं. 8 एप्रिलला अकरा वाजता गेलेले. प्रशस्तिपत्रात त्यांची संख्या आहे, नावं नाहीत. एका वीराची एक कथा या साच्यात ते पार्श्वभूमीतच राहणार, मग रंग कितीही चांगले भरा. नव्या पुस्तकानं त्यांना नाव आणि एकेक चेहरा दिला, तर मी त्याला पुनरुज्जीवन म्हणेन. नाहीतर ती नुसती नवी आवृत्ती.

हे सगळं मैत्रिणीला फोनवर सांगितलं तर ती आधी चिडली. 'तुमच्या सायन्सवाल्यांना सगळीकडे डेटाच दिसतो' वगैरे. चार दिवसांनी नवा सिनॉप्सिस आला. पहिला प्रश्न आता असा आहे: 'युद्ध-कॉमिकमध्ये पानांची विभागणी कुणाच्या श्रमाला जागा देते?' 'श्रम' या शब्दावर तिचे गाईड अजून कुरकुरतायत. तिनं मात्र खडकीला द्यायच्या अर्जाचा मसुदाही सोबत जोडला होता. राणेंच्या 37 व्या असॉल्ट फील्ड कंपनीच्या एप्रिल 1948 च्या नोंदी पाहायला मिळाव्यात म्हणून. मसुद्यात 'दोन जवान' असं होतं. मी त्यापुढं कंसात 'नावं हवीत' लिहून परत पाठवला.