ॲबिगेल ॲडम्स यांचे १७७६ मधील पत्र : एक चिकित्सा

प्रस्तावना

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा ४ जुलै १७७६ रोजी स्वीकारला गेला. त्यापूर्वी तीन महिने, ३१ मार्च रोजी, मॅसॅच्युसेट्समधील ब्रेनट्री येथून ॲबिगेल ॲडम्स (१७४४–१८१८) यांनी फिलाडेल्फियात काँग्रेसच्या कामात गुंतलेले पती जॉन ॲडम्स यांना पत्र लिहिले. नवे कायदे करताना स्त्रियांचा विसर पडू देऊ नये, अशी अपेक्षा त्यांनी त्यात व्यक्त केली. स्त्री-मताधिकाराची आद्य मागणी म्हणून या पत्राचा अनेकदा गौरव होतो. हे आकलन कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पत्रातील युक्तिवाद

पत्रातील प्रत्यक्ष मागणी मताधिकाराची नाही. ती पतीच्या अनिर्बंध सत्तेला मर्यादा घालण्याची आहे. इंग्लंडमधून आलेल्या कायद्यानुसार विवाहानंतर स्त्रीचे स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होत असे. तिची जंगम मालमत्ता व मिळकत पतीची ठरे. ॲबिगेल यांचा रोख या व्यवस्थेवर आहे. ज्या कायद्यांत आपला आवाज नाही ते स्त्रिया मानणार नाहीत, हे वाक्य अर्ध्या थट्टेने दिलेल्या इशाऱ्याच्या रूपात येते. तथापि राजाच्या जुलमाविरुद्ध वसाहतींनी वापरलेलाच हा तर्क त्यांनी गृहसंस्थेस लावला, ही पत्राची खरी मौलिकता होय. मागणी मर्यादित आहे. तिच्यामागील तर्क मात्र मर्यादित राहू शकत नाही.

याच पत्रात, इतरांचे स्वातंत्र्य हिरावून घेण्याची सवय असलेल्या व्हर्जिनियावासीयांची स्वातंत्र्यनिष्ठा कितपत तीव्र असेल, अशी शंकाही त्या व्यक्त करतात. परंतु गुलाम स्त्री आपल्या मागणीच्या कक्षेत येते काय, याविषयी पत्र मौन बाळगते. ही उणीव नोंदविणे आवश्यक आहे.

जॉन ॲडम्स यांची दोन उत्तरे

१४ एप्रिलच्या उत्तरात जॉन यांनी ही मागणी हसण्यावारी नेली. मात्र २६ मे रोजी जेम्स सलिव्हन यांना लिहिताना त्यांचा सूर गंभीर झाला. शासन जनतेच्या संमतीवर उभे असेल तर स्त्रियांना कोणत्या न्यायाने वगळायचे, हा प्रश्न त्यांनी स्वतःच उपस्थित केला. मतदारांच्या पात्रतेचे नियम बदलू लागल्यास नव्या दाव्यांना अंत राहणार नाही आणि स्त्रियाही मत मागतील, असा इशारा त्यांनी दिला. पत्नीला दिलेल्या उत्तरात जे हास्यास्पद, ते सहकाऱ्याला लिहिताना धोक्याचे ठरले. थट्टा हे उत्तर नव्हते. ती प्रश्न टाळण्याची रीत होती.

समकालीन संदर्भ

हा प्रश्न केवळ एका घरातला नव्हता. न्यू जर्सीच्या १७७६ च्या संविधानाने ५० पौंडांची मालमत्ता असणाऱ्या रहिवाशांना लिंगनिरपेक्ष मताधिकार दिला. विवाहितेच्या नावावर मालमत्ताच नसल्याने त्याचा लाभ प्रामुख्याने अविवाहिता व विधवांना झाला. १८०७ मध्ये तोही काढून घेण्यात आला. १७९० मध्ये ज्युडिथ सार्जंट मरे यांनी स्त्री-पुरुष समतेवरील निबंध नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि स्त्रीची बौद्धिक उणीव निसर्गदत्त नसून शिक्षणाच्या अभावातून येते, असे प्रतिपादिले. ॲबिगेल यांनी खासगीत मांडलेला प्रश्न येथे सार्वजनिक वादाचा विषय झाला.

समारोप

ॲबिगेल यांना मताधिकाराच्या प्रणेत्या ठरविल्यास त्यांचा मूळ प्रश्न झाकोळतो. विवाहितेला मालमत्तेचा अधिकार नसतानाही १८१६ मध्ये त्यांनी मृत्युपत्र केले आणि आपली संपत्ती मुख्यत्वे नात्यातील व घरातील स्त्रियांना दिली. त्यांच्या पत्राचे खरे भाष्य या कृतीत सापडते. पुढे १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी अमेरिकेच्या लोकस्थितीवरील आपल्या मराठी ग्रंथात तेथील स्त्रियांच्या स्थितीचा परामर्श घेतला, तेव्हाही त्या राष्ट्रातील स्त्रियांना राष्ट्रव्यापी मताधिकार नव्हता. लिंगाच्या आधारे मत नाकारण्यास बंदी घालणारी एकोणिसावी घटनादुरुस्ती १९२० मध्ये झाली. स्वातंत्र्याचे तत्त्व घोषित करणे आणि ते घराच्या उंबऱ्याआत लागू करणे यांतील अंतर या पत्राने प्रथमपासूनच दाखवून दिले होते, असे म्हणता येईल.