शिक्षा, शिस्त, कवायत : शालेय आठवणींतील छडीचा पुरावा

काही महिन्यांपूर्वी खडकी येथील एका माध्यमिक शाळेतील शिक्षकांशी वर्गातील वर्तनाविषयी बोलण्याचा प्रसंग आला. छडी गेली तेव्हापासून वर्गात शिस्त उरली नाही, आम्ही मार खाल्ला म्हणूनच चार अक्षरे शिकलो, असे त्यांपैकी बहुतेकांचे म्हणणे पडले. हे मत नवे नाही. लक्षात राहिला तो त्यासाठी दिलेला पुरावा. कोणी एखाद्या पाहणीचा आधार दिला नाही. एकाने श्यामच्या आईचे नाव घेतले, दुसऱ्याने चितळे मास्तरांचे, तिसऱ्याने टिळकांच्या शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगितली. वाङ्मय लोकांच्या बोलण्यात इतके मुरलेले पाहून अभ्यासकाला समाधान वाटावे हे खरे. परंतु साक्षीदार पुढे केला म्हणजे त्याची उलटतपासणी करणे प्राप्त होते. हे साक्षीदार खरोखरच छडीच्या बाजूने बोलतात काय, आणि ज्यांना साक्षीला बोलावलेच नाही ते कोण, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. संस्कृतात ‘शिक्षा’ म्हणजे शिकणे व शिकविणे. सहा वेदांगांपैकी एकाचे ते नावच आहे. हिंदीने तो अर्थ राखला. मराठीने मात्र एकाच धातूपासून आलेल्या दोन शब्दांची वाटणी करून ‘शिक्षण’ एका हाती दिले आणि ‘शिक्षा’ दुसऱ्या हाती. ‘शिस्त’ हा शब्द फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ नेम, आणि बंदुकीची शिस्त धरणे हा त्याचा जुना प्रयोग. ‘कवायत’ हा अरबीतील ‘कायदा’ या शब्दाच्या अनेकवचनातून आलेला. कायदे पुष्कळ झाले की कवायत होते, हा योगायोग मोठा बोलका आहे. म्हणजे वर्गाच्या सुव्यवस्थेविषयी बोलताना आपण जे शब्द वापरतो त्यांतले दोन लष्कराच्या वाटेने आलेले आहेत, व तिसऱ्याला आपण स्वतःच दंडाचा अर्थ दिला आहे. ‘विनय’ व ‘अनुशासन’ हे शब्द उपलब्ध होते. व्याकरणालाही आपल्या पूर्वजांनी शब्दानुशासन म्हटले. पण शाळेच्या व्यवहारात ते रुळले नाहीत.

खडकीत बसून हे शब्द उच्चारताना त्यांचा मूळ अर्थ फार दूर गेलेला वाटत नाही. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी येथे आणि गणेशखिंडीच्या मैदानावर बापू गोखल्यांचे घोडदळ इंग्रजांच्या कवायती पलटणींवर चालून गेले. त्या दिवशी दापोडीहून कॅप्टन फोर्डची पलटण इंग्रजांना येऊन मिळाली. ही पलटण पेशव्यांच्या नावाने उभारलेली होती आणि तिचे अधिकारी इंग्रज होते. पगार ज्याचा त्याचे न ऐकता कवायत ज्याने शिकविली त्याचे तिने ऐकले. शिस्तीविषयी उत्साहाने बोलणाऱ्यांनी हा प्रसंग अधूनमधून आठवावा असे मला वाटते. पुढे येथे छावणी वसली, १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना निघाला. गणेशखिंडीत गव्हर्नराचा वाडा उभा राहिला. त्याच वाड्यात १९४९ साली पुणे विद्यापीठाचा संसार थाटला गेला, आणि २०१४ पासून त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे.

छावणीची कवायत आणि शाळेची शिस्त यांची सोयरीक केवळ शब्दांची नव्हे. शाळेतला ड्रिल मास्तर हा अनेकदा पलटणीतून निवृत्त झालेला असे, हे जुन्या पिढीला ठाऊक आहे. स्वातंत्र्यानंतर या कल्पनेला नवे रूप मिळाले ते १९५४ मध्ये. आझाद हिंद सेनेतील सेनानी व त्या वेळचे पुनर्वसन खात्याचे उपमंत्री जगन्नाथराव भोसले यांनी दिल्लीत निर्वासितांच्या मुलांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. घरदार गमावलेल्या मुलांना रांगेत उभे राहण्यातून आधार मिळावा, हा तिच्यामागील हेतू उदात्त होता. पुढे कुंझरू समितीच्या शिफारशींनंतर ती इतर योजनांत विलीन झाली. पण भोसल्यांच्या योजनेत दंडाला गौण स्थान होते हे विसरता कामा नये. कवायत आणि छडी या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत सगळे एकसारखे वागविले जातात. दुसरीत कोणाच्या हातावर ती पडावी हे शिक्षक ठरवितो. सगळा प्रश्न या निवडीत आहे.

आता साक्षीदारांकडे वळू. ‘श्यामची आई’ सानेगुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. पोहायला जाणे टाळून दडून बसलेल्या श्यामला आई मारते हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. मारानंतर तीच आई कळवळते, आणि तिच्या मारामागचे प्रेम श्यामला उमगते. हा प्रसंग छडीचे समर्थन म्हणून सांगितला जातो तेव्हा दोन गोष्टी नजरेआड होतात. मारणारी आई आहे, मास्तर नव्हे. आणि तिच्यासमोर तिचे लेकरू आहे, साठ परक्या मुलांचा वर्ग नाही. दुसरी गोष्ट या कथनाच्या घाटाविषयीची आहे. प्रौढ श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रात्री आठवणी सांगत आहे. आई आता नाही. असे कथन कृतज्ञतेवाचून उभेच राहू शकत नाही. कृतज्ञता हा त्याचा निष्कर्ष नाही, ती त्याची अट आहे. शिवाय १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक व छात्रालयाचे प्रमुख असताना स्वतः सानेगुरुजी काय करीत, हे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. मुलांनी खोल्या अस्ताव्यस्त टाकल्या तर ते त्या स्वतः झाडून आवरून ठेवीत. लाज वाटून मुले सुधारत. हाही एक प्रकारचा दाबच होय, आणि तो प्रत्येकाला साधेल असे नाही. परंतु छडीच्या बाजूने साक्ष द्यावयास या मास्तराला बोलावणे म्हणजे साक्षीदाराची ओळख चुकणे आहे.

टिळकांच्या टरफलांची गोष्ट तर उलटच बोलते. खरीखोटी कशीही असो, तिच्यातला मुलगा मास्तरांची आज्ञा मोडतो, छडी खाण्याचे नाकारतो आणि वर्गातून निघून जातो. ही गोष्ट आपण पाठ्यपुस्तकांत बाणेदारपणाचा नमुना म्हणून शिकवितो, व ती शिकवीत असताना मागच्या बाकावरचा एखादा मुलगा तसेच वागला तर त्याला अंगठे धरावयास लावतो. या विसंगतीकडे आजवर फारसे कोणी लक्ष दिलेले दिसत नाही. वाङ्मयातील अवज्ञा पन्नास वर्षे जुनी झाली की ती सद्गुण ठरते, इतकेच.

पु. ल. देशपांडे यांचे चितळे मास्तर हा सर्वांत गुंतागुंतीचा साक्षीदार. ‘व्यक्ती आणि वल्ली’ या १९६२ च्या संग्रहातील हे व्यक्तिचित्र मराठी मनाचा जणू आदर्श शिक्षक ठरले आहे. पण चितळे मास्तर ध्यानात राहतात ते छडीमुळे नव्हे, तर जिभेमुळे. टोपणनावे, टोमणे, तिरकस विनोद ही त्यांची आयुधे. ती बोचत नाहीत, कारण मास्तरांची गरिबी, त्यांची मुलांवरची माया आणि झिजलेल्या वहाणा लेखकाने आपल्यासमोर ठेवलेल्या आहेत. वर्गातील प्रत्येक मुलाला हे दिसत होते काय? टोपणनाव मिळालेल्या मुलाने हे व्यक्तिचित्र लिहिलेले नाही. पुलंच्या विनोदाची थोरवी मान्य करूनही हे म्हणावे लागते, की आपण चितळे मास्तरांकडे ज्या डोळ्यांनी पाहतो ते पुढे यशस्वी झालेल्या विद्यार्थ्याचे डोळे आहेत.

येथे मुख्य मुद्दा येतो. छडीच्या गोड आठवणी कोण लिहितो? जो शाळेत टिकला तो. माराने पळून गेलेला मुलगा आठवणी लिहीत नाही; लिहावयासच तो शिकलेला नसतो. ‘मार खाल्ला म्हणून शिकलो’ या वाक्याची सत्यता तपासावयाची तर मार खाऊन न शिकलेल्यांची संख्या समोर हवी, आणि आठवणींचे वाङ्मय ती स्वभावतःच देऊ शकत नाही. ज्याला घरून पाठबळ आहे, ज्याचे बाकावरचे स्थान निश्चित आहे, त्याच्या लेखी छडी हा शाळेच्या आतला प्रसंग असतो. ज्याचे स्थानच अनिश्चित, त्याच्या लेखी ती दाराकडे दाखविलेले बोट असते.

ही दुसरी साक्ष मराठीत नाही असे नाही. ती आपण वेगळ्या कप्प्यात ठेवतो. जोतीराव फुले यांचा विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजींवरील पोवाडा १८६९ मधला. शूद्रांच्या मुलांना मारझोड करून शाळेतून घालवून देणारा मास्तर हा त्याचा विषय. त्यात शिक्षा ही सुधारणेसाठी नाही, गाळणीसाठी आहे. मराठीत शालेय दंडावर इतकी स्पष्ट टीका इतक्या लवकर झालेली आहे. पण ती ‘सामाजिक’ म्हणून बाजूला पडते आणि शिक्षणविचारात तिचा उल्लेख होत नाही. हंटर आयोगापुढे १८८२ मध्ये दिलेल्या निवेदनात फुल्यांनी शेतकरी वर्गातून आलेले, मुलांत मिसळू शकणारे शिक्षक मागितले. जातीच्या न्यायाबरोबर ही मागणी वर्गव्यवस्थेविषयीही आहे, असे मी मानतो. मूल ज्याला आपले वाटते त्याला छडीची गरज कमी पडते.

डॉ. आंबेडकरांनी इंग्रजीत लिहिलेल्या आत्मपर टिपणांत शाळेतील पाण्याची हकीकत आहे. इतर मुलांना तहान लागली की मास्तरांची परवानगी काढून नळावर जाता येई. त्यांच्यासाठी परवानगी पुरेशी नव्हती. नळ सोडावयास शिपाई हवा. बसावयाचे गोणपाट ते घरून नेत व घरी आणीत. येथे कोणी छडी उगारलेली नाही. मुलगा शांत आहे, नियम पाळतो आहे, वर्ग सुव्यवस्थित आहे. शिस्तीच्या कोणत्याही तपासणीत हा वर्ग उत्तीर्ण होईल. आपल्या शिस्तविषयक कल्पनेत काय राहून गेले आहे हे याहून स्पष्टपणे दाखविणारा उतारा मला माहीत नाही. १९७८ च्या ‘बलुतं’पासूनची दलित आत्मकथने या अंगाने पुन्हा वाचली जावयास हवीत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हा विषय प्रबंधासाठी घेण्यासारखा आहे.

कायदेकारांना ही गोष्ट समीक्षकांपेक्षा आधी कळली असावी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातील १६ वे कलम प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकण्यास मनाई करते, आणि लगेच पुढचे १७ वे कलम शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना. नापास करण्याविषयीचा भाग २०१९ मध्ये बदलला; काढून टाकण्याची मनाई कायम आहे. हकालपट्टी आणि मार यांना शेजारी बसविण्यात फुल्यांच्या पोवाड्यातील तर्कच दिसतो. मात्र मानसिक छळाची सीमा कोठे, हे ठरविणे अवघड आहे. त्या कलमाखाली छडीवाल्या पंतोजीबरोबर चितळे मास्तरांच्या जिभेचीही चौकशी होऊ शकेल. मराठी वाचकाला हे सहन होणार नाही; पण त्याने या प्रश्नाला सामोरे जावयास हवे.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही २००४ ची कादंबरी या संदर्भात वेगळी पडते. काळ आणीबाणीचा, देशभर अनुशासनाचा घोष चाललेला, आणि सांगणारा नववीतला मुलगा. तो प्रौढ होऊन मागे वळून पाहत नाही. त्यामुळे कृतज्ञतेची अट त्याला लागू नाही. मास्तरांच्या शिक्षा त्याला हवामानासारख्या वाटतात : कधी टाळाव्यात, कधी सोसाव्यात. त्यांतून काही शिकल्याचा दावा तो करीत नाही. छडीविषयीचे आपले वाङ्मय या एका कथनदृष्टीच्या बदलाने किती निराळे दिसू लागते! योगायोग असा, की चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असलेल्या उपरोक्त कायद्याच्या कक्षेत नववीचे वर्ग सामान्यतः येत नाहीत.

हे सर्व मी खडकीच्या त्या शिक्षकांपुढे मांडले तेव्हा त्यांतील एका ज्येष्ठ बाईंनी शांतपणे विचारले, “सर, पुस्तकांची साक्ष तुम्ही काढून घेतलीत, ठीक आहे. माझ्या वर्गात बासष्ट मुले आहेत. कारखान्यातल्या कामगारांची आहेत, छावणीतली आहेत, दर दोन वर्षांनी बदलीवर जाणाऱ्यांची आहेत. उद्या तिसऱ्या तासाला मी काय करू?” बदलीवर जाणाऱ्या मुलाचे नावही पाठ होण्याआधी त्याचा दाखला निघतो, असेही त्या म्हणाल्या. मी त्यांना सानेगुरुजींच्या झाडूची गोष्ट सांगू लागलो आणि मध्येच थांबलो. त्यांच्या वर्गाला झाडून काढण्यासारखी स्वतंत्र खोलीही नव्हती. दोन वर्गांमध्ये लाकडी फळ्यांचा आडोसा होता, आणि पलीकडून पाढ्यांचा आवाज येत होता.