गव्हर्नरची गुप्त वही

हडसन बे कंपनीचा गव्हर्नर जॉर्ज सिम्प्सन याने १८३२ साली आपल्या हाताखालील अधिकारी व कारकून यांच्याविषयी एक गुप्त वही लिहिली. नोंदींना क्रमांक आणि नावांचा कागद वेगळा, अशी तिची रचना. १९७५ साली ती छापून प्रसिद्ध झाली. तिच्यातील व्यक्तिचित्रे चटकदार आहेत, वाचताना हसू येते. हे हसू कोणाच्या जिवावर येते, हा प्रश्न मात्र समीक्षेने टाळता कामा नये.

प्रथम लिहिणाऱ्याचे स्थान पाहू. १६७० च्या राजसनदेने हडसन उपसागराला मिळणाऱ्या नद्यांचे सारे खोरे इंग्लंडच्या राजाने कंपनीला बहाल केले. तेथे राहणाऱ्या क्री, ओजिब्वे आदी लोकांना कोणी विचारले नाही. १८२१ साली प्रतिस्पर्धी नॉर्थ वेस्ट कंपनी हडसन बे कंपनीत विलीन झाली आणि फरच्या व्यापाराची मक्तेदारी हाती आली. सिम्प्सनने नोकरकपात केली. फर आणून देणाऱ्या मूळ रहिवाशांना कंपनीवरचे आपले अवलंबित्व जाणवत राहिले म्हणजे ते ताब्यात राहतात, असे त्याने १८२२ च्या पत्रात स्पष्ट लिहिले. त्याला 'छोटा सम्राट' म्हणत ते उगाच नव्हे. अशा माणसाचे वाक्य हे निव्वळ मत नसते. गोपनीय अहवालातील एका शेऱ्यावर ज्यांची बढती अडकली, त्या आपल्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

कॉलिन रॉबर्टसन या वरिष्ठ अधिकाऱ्याची नोंद पहा. तिच्यात त्याचे मूळ काढले आहे: हा पर्थ गावचा विणकर, माग सोडून कादंबऱ्या वाचत बसला! कष्टकऱ्याने वाचावे, हाच येथे विनोद आहे. रॉबर्टसनने आपल्या मेटी, म्हणजे मिश्र वंशाच्या, पत्नीला रेड रिव्हर वसाहतीत उजळ माथ्याने आणले, तेव्हाही सिम्प्सनने त्याची टवाळी केली. स्वतः सिम्प्सन मार्गारेट टेलर या मिश्र वंशाच्या स्त्रीबरोबर राहिला होता. तिच्यापासून त्याला दोन मुलगे झाले. १८३० साली त्याने इंग्लंडमध्ये चुलत बहिणीशी लग्न केले आणि पुढे मार्गारेटचे लग्न दुसऱ्याशी लावून दिले गेले.

या सिम्प्सनचा स्वतःचा जन्म विवाहबाह्य होता. जन्माचा डाग म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असणार. पण वर चढल्यावर त्याने तीच मोजपट्टी खालच्यांना लावली. मिश्र वंशाच्या कारकुनाचा दोष त्याच्या वहीत अनेकदा रक्ताच्या खात्यावर मांडला जातो. जन्मावरून लायकी ठरवण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. सोसलेला अपमान माणसाला आपोआप समतावादी बनवीत नाही. त्यासाठी विचार लागतो.

तो विचार अलेक्झांडर इस्बिस्टर याच्यापाशी होता. १८२२ साली कंपनीच्याच ठाण्यावर जन्मलेला, क्री वंशाचा वारसा असलेला हा तरुण कंपनीची नोकरी सोडून स्कॉटलंडमध्ये शिकला. १८४७ साली रेड रिव्हरच्या मेटी लोकांचा, जवळजवळ हजार सह्यांचा अर्ज त्याने लंडनमध्ये सरकारपुढे मांडला. तक्रार कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध होती. १८५७ साली ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे दोघांच्याही साक्षी झाल्या. हा प्रदेश वस्तीला योग्य नाही, असे सिम्प्सनने सांगितले. तेव्हा त्याच्याच नावावर १८४७ साली निघालेल्या प्रवासग्रंथातील सुपीक जमिनीची स्तुती त्याच्यापुढे ठेवण्यात आली. गव्हर्नरचे शब्द गव्हर्नरलाच अडचणीत आणणारे ठरले. इस्बिस्टरने मृत्यूपत्राने आपली संपत्ती मॅनिटोबा विद्यापीठाला दिली. तिच्यातून वंश, धर्म, स्त्री-पुरुष असा भेद न करता शिष्यवृत्त्या द्यायच्या होत्या.

वहीची भाषा तल्लख आहे, हे मान्य. परंतु तिच्यातल्या कोणालाही उत्तर देण्याची सोय नव्हती. अर्जाखाली माणसांनी स्वतःची नावे दिली आणि धोका पत्करला. शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी हे दोन्ही दस्तऐवज शेजारी ठेवून वाचावेत. मग सत्तेची शैली कोणती आणि माणसाची भाषा कोणती, हे ओळखणे अवघड जाणार नाही.